मॉडेलमध्ये खांब ताठ, साइटवर पोटात वाकलेला: बकलिंग विश्लेषणात नेमकं काय तपासायचं

बगॅस (उसाचा चोथा) वाहणाऱ्या कन्व्हेयरच्या गॅलरीखालचे पायपाचे पाय, पत्र्याची चिमणी, स्कर्टवर (तळाच्या गोल पत्र्याच्या कड्यावर) उभी केलेली टाकी, राखेचा सायलो, उद्यमबाग-मच्छेतल्या शेडचे बारीक खांब. बेळगाव, चिकोडी, संकेश्वर, निपाणी, अथणी या पट्ट्यात स्ट्रक्चरल डिझाइन करणाऱ्याच्या टेबलावर यातलं एक तरी काम वर्षभर असतंच. या सगळ्यांचा स्वभाव सारखा आहे. यांचा माल तुटत नाही, आधी आकार जातो. पोलादात ताकद शिल्लक असतानाच खांब पोटात वाकतो किंवा पत्र्याला पोचा येतो. याला आपण बकलिंग म्हणतो.

संगणकावर हे तपासताना एक चूक पुन्हा पुन्हा होते आणि तिची रूपं अनेक आहेत. मॉडेलमधला खांब दोरीसारखा सरळ असतो, टाकी कंपासनं काढल्यासारखी गोल असते. खरा खांब कुठल्याच वर्कशॉपमधून तसा बाहेर पडत नाही. त्या दोन-चार मिलिमीटरच्या वाकडेपणावर बारीक स्ट्रक्चरचं अर्धं बळ अवलंबून असतं, आणि तो वाकडेपणा मॉडेलमध्ये एकतर नसतो, नाहीतर चुकीचा असतो.

लक्षणं

खालीलपैकी एखादं दिसलं तर पुढची तपासणी तुमच्यासाठीच आहे.

- आयगेनव्हॅल्यू बकलिंगचा फॅक्टर (आदर्श सरळ खांब लावलेल्या भाराच्या किती पटीला वाकेल तो आकडा) ३ किंवा ४ येतो, पण कोडच्या सूत्रानं तोच भाग जेमतेम पास होतो किंवा नापास होतो.
- नॉनलिनिअर रन (बदलत जाणारा आकार धरून पायरीपायरीनं केलेला हिशेब) ऑयलरचा भार (आदर्श सरळ खांब ज्या भाराला वाकतो तो) ओलांडून सरळ पुढे जातो. भार-विस्थापनाचा आलेख पट्टीनं ओढल्यासारखा सरळ, खांब फक्त आखूड होतोय, बाजूला हलतच नाही.
- वाकडेपणा घातला, पण उत्तर आधीच्या रनसारखंच, शेवटच्या अंकापर्यंत.
- रन मध्येच थांबतो. इन्क्रिमेंट (भाराची एक पायरी) लहान होत होत मरतं आणि ‘फार वेळा प्रयत्न झाले’ अशा अर्थाचा संदेश येतो.
- रिक्स पद्धतीत (शिखरापलीकडचा आलेख काढणारी पद्धत) आलेख शिखरावर जाऊन आल्या वाटेनं परत फिरतो आणि भार ऋण होतो.
- मेश (मॉडेलच्या लहान तुकड्यांची, म्हणजे एलिमेंटची, जाळी) बारीक केली की उत्तर ३० टक्क्यांनी खाली येतं, आणखी बारीक केली की आणखी खाली.
- आयगेनव्हॅल्यू ऋण येतात.

पाच मिनिटांची तपासणी: हातानं हिशेब

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एका खांबाचा आकडा कागदावर काढा. हाच आकडा पुढे प्रत्येक तपासणीत मापदंड म्हणून लागतो, म्हणून तो टाळू नका.

गॅलरीचा एक पाय घेऊ. बाहेरचा व्यास ११४.३ मिमी, जाडी ४.५ मिमी, लांबी ४ मीटर, दोन्ही टोकं पिन, म्हणजे फिरायला मोकळी. क्षेत्रफळ सुमारे १५५२ चौरस मिमी, जडत्व आघूर्ण सुमारे २३४ सेमीचा चौथा घात, गायरेशनची त्रिज्या ३८.९ मिमी, म्हणजे सडपातळपणा १०३. ई (पोलादाची लवचीकता) २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी धरली तर ऑयलरचा भार २८९ किलोन्यूटन. यील्ड (ज्या ताणाला पोलाद कायमचा आकार बदलू लागतं) २४० न्यूटन प्रति चौरस मिमी धरलं तर नुसत्या दाबानं हा पाइप ३७२ किलोन्यूटनवर यील्ड होईल.

आता आयएस ८००:२००७ या भारतीय पोलाद कोडचा ‘ब’ वक्र लावा. गार अवस्थेत घडवलेल्या पोकळ सेक्शनला हाच वक्र लागतो आणि त्याचा वाकडेपणाचा गुणांक ०.३४ आहे. गुणक ०.५१५ येतो, म्हणजे १९२ किलोन्यूटन. १.१० नं भागल्यावर डिझाइनसाठी हातात राहतात १७४.

म्हणजे आयगेनव्हॅल्यूचं उत्तर २८९, यील्डचं ३७२ आणि वापरायचं १७४. हा फरक सॉफ्टवेअरची चूक नव्हे. आयगेनव्हॅल्यू विश्लेषण आदर्श, सरळ, कधीही यील्ड न होणाऱ्या खांबाचं उत्तर देतं. तो वरचा अंदाज आहे. त्याला ताकद समजून रिपोर्टमध्ये लिहिलं की चूक तिथेच पक्की झाली.

तुमच्या मॉडेलचं आयगेनव्हॅल्यू २८९ च्या आसपास येत नसेल तर वाकडेपणाकडे जाऊच नका. आधीचंच काही बिघडलंय.

एकक, टोकं आणि भार

एककं जुळवून बघा. लांबी मिमी असेल तर बळ न्यूटन, ई २,००,००० आणि घनता टन प्रति घन मिमी, म्हणजे ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. मीटर आणि मिमीची सरमिसळ झाली की स्वतःचं वजन हजारपटीनं चुकतं, आणि बकलिंगमध्ये ते लगेच डोळ्यांत भरत नाही.

टोकांवर जास्त वेळ द्या. वरचाच पाइप दोन्ही टोकांना घट्ट धरला तर ऑयलरचा भार चौपट होतो, ११५६ किलोन्यूटन. आपल्याकडे पायाची प्लेट दोन बोल्टांवर बसलेली असते, वर गसेटला (जोड-प्लेटला) तीन इंचांचं वेल्डिंग असतं, आणि मॉडेलमध्ये मात्र डिफॉल्टनं सहाही दिशा बांधलेल्या असतात. शंका असेल तर दोन रन घ्या, एक पिन आणि एक घट्ट. खरं उत्तर मध्ये कुठेतरी असतं, डिझाइन मात्र पिनवर करा.

उलटीही चूक होते. पाइप स्वतःच्या अक्षाभोवती फिरायला मोकळा राहिला तर सॉल्व्हर शून्य पिव्हटची तक्रार करतो आणि पहिला मोड (बकलिंगचा आकार) म्हणून नुसतं गिरकी घेणं दाखवतो. ते बकलिंग नव्हे. एका टोकाला ती फिरकी बांधा.

ऋण आयगेनव्हॅल्यूचा अर्थ सरळ आहे: भार उलट्या दिशेनं लावला तर बकलिंग होईल. टाकीला आतून दाब देताना किंवा शिअरच्या पॅनेलमध्ये हे येणारच. पण साध्या खांबाला ऋण आकडा आला तर भाराची दिशा उलटी आहे, ती तपासा.

एका खांबाला किती तुकडे

शेडच्या मॉडेलमध्ये एक खांब म्हणजे एक बीम एलिमेंट, ही सवय बकलिंगमध्ये महागात पडते. त्रिघाती (क्युबिक) वक्राच्या आकाराचं एकच बीम एलिमेंट वापरून पिन-पिन खांबाचं उत्तर येतं १२ ईआय (ई गुणिले जडत्व आघूर्ण) भागिले लांबीचा वर्ग. खरं उत्तर ९.८७. म्हणजे २१.६ टक्के जादा, आपल्या पाइपला २८९ ऐवजी ३५१. दोन एलिमेंट केले की चूक एका टक्क्याच्या आत येते. साध्या सरळ रेषेच्या आकाराचं बीम एलिमेंट असेल तर दोन पुरत नाहीत, दहाच्या पुढे जा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. एका सरळ एलिमेंटमध्ये पोटातला वाकडेपणा बसवायला जागाच नसते, मध्ये नोडच (एलिमेंट जोडणारा बिंदू) नाही. म्हणून प्रत्येक दाबातल्या मेंबरला किमान आठ भाग द्या. संगणकाला याचं ओझं होत नाही.

पत्र्याच्या भांड्यात मेशचा हिशेब लाटेवरून करायचा. गोल भांड्याला उभा दाब आला की पत्रा लहान लाटांनी चुरगळतो. एका अर्ध्या लाटेची लांबी साधारण १.७३ गुणिले, त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकाराचं वर्गमूळ. ६ मीटर व्यास आणि ६ मिमी पत्रा घेतला तर हे वर्गमूळ १३४ मिमी, अर्धी लाट २३२ मिमी. एका अर्ध्या लाटेत चार नोडचे आठ-दहा एलिमेंट हवेत, म्हणजे मेश २५ मिमीच्या आसपास. १५० मिमीच्या मेशमध्ये ती लाट दीड एलिमेंटवर बसवायची म्हटलं तर पत्रा चुरगळूच शकत नाही, आणि उत्तर फुगून येतं. मेश बारीक करत गेल्यावर उत्तर उतरत जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे. पूर्ण टाकीला २५ मिमी परवडत नसेल तर दाबाचा पट्टा बारीक करा आणि वर जाताना मेश मोकळी सोडा.

वाकडेपणा खरंच मॉडेलमध्ये गेला का

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो, आणि तपासणी दहा मिनिटांची आहे.

नेहमीची पद्धत अशी: आधी आयगेनव्हॅल्यू रन, त्यातला मोडचा आकार घ्यायचा, त्याला एका गुणकानं लहान करायचं आणि नोडच्या मूळ जागेत मिसळायचं. मग त्या वाकड्या मॉडेलवर नॉनलिनिअर रन. यात चार ठिकाणी गाडी अडते; उदाहरणं अ‍ॅबॅकस आणि अ‍ॅन्सिस या दोन विश्लेषण सॉफ्टवेअरची आहेत.

पहिलं, मोडचं कमाल विस्थापन बहुतेक सॉफ्टवेअर १ वर आणून ठेवतात. हा १ म्हणजे तुमच्या मॉडेलच्या एककातला १. मिमीच्या मॉडेलमध्ये ४ मिमी हवे असतील तर गुणक ४. मीटरच्या मॉडेलमध्ये ०.००४. मीटरमध्ये ४ टाकला तर खांब चार मीटर बाजूला जातो, ते निदान दिसतं. मिमीमध्ये ०.००४ टाकला तर काहीच दिसत नाही, आणि रन सरळ खांबासारखा चालतो. मोडचं कमाल विस्थापन आधी रिझल्टमध्ये वाचा, मगच गुणक ठरवा.

दुसरं, अ‍ॅबॅकसमध्ये बकलिंगच्या स्टेपला नोड फाइलचा आउटपुट मागितला नसेल तर पुढच्या जॉबला वाचायला काही नसतं. तो कीवर्ड हातानं घाला.

तिसरं, दोन्ही रनमध्ये नोडचे क्रमांक तेच हवेत. मध्येच एखादा गसेट घातला, मेश पुन्हा केली, तर जुन्या फाइलमधला वाकडेपणा नव्या मॉडेलच्या भलत्याच नोडवर चढतो. पत्रा दातेरी दिसतो आणि रन पहिल्याच इन्क्रिमेंटला मरतो. अ‍ॅन्सिसच्या वर्कबेंचमध्ये मोड पुढच्या मॉडेलला जोडला असेल तर मेश बदलल्यावर वरपासून खालपर्यंत सगळं पुन्हा अपडेट करा.

चौथं, मोठ्या विस्थापनाचा पर्याय बंद राहतो. अ‍ॅबॅकसमध्ये एनएलजिऑम, अ‍ॅन्सिसमध्ये लार्ज डिफ्लेक्शन. तो बंद असला तर वाकडा खांबही भाराच्या प्रमाणातच हलतो, बकलिंग होत नाही.

आता खात्री. ऑयलरच्या बरोबर निम्म्या भाराला वाकडेपणा दुप्पट व्हायला हवा. कारण मूळ वाकडेपणा भागिले (१ उणे भार/ऑयलर भार) हे त्याचं गणित आहे. आपल्या पाइपला मध्यावर ४ मिमी दिला असेल तर १४४.५ किलोन्यूटनला तो एकूण ८ मिमी दिसला पाहिजे, म्हणजे सॉफ्टवेअरनं बाजूचं विस्थापन ४ मिमी दाखवलं पाहिजे. १५० किलोन्यूटनला ४.३. हा रन लवचीक मालावर घ्या, यील्ड मध्ये आणू नका. विस्थापन शून्य आलं तर वाकडेपणा गेलेलाच नाही. ४ च्या जागी ०.४ आलं तर तुमचा गुणक दहापटीनं लहान आहे. खांब कितीही गुंतागुंतीच्या फ्रेममधला असो, ही एक तपासणी आधी एकट्या खांबावर करून मगच पूर्ण मॉडेलकडे जा.

कुठला मोड, किती मिलिमीटर, कुठल्या बाजूला

पहिला मोडच सगळ्यात वाईट असं धरून चालणं खांबाला चालतं, पत्र्याच्या भांड्याला चालत नाही. भांड्यात पहिले वीस-तीस मोड एकमेकांना चिकटून असतात, आयगेनव्हॅल्यूत एक-दोन टक्क्यांचाच फरक. त्यातला कुठला पहिला येईल हे मेशवरही अवलंबून असतं. फ्रेममध्ये याउलट घडतं: पहिला मोड एखाद्या बारीक ब्रेसिंगचा किंवा सैल राहिलेल्या प्लेटचा येतो, आणि तोच वाकडेपणा म्हणून घातला तर खांब सरळच राहतो. म्हणून मोडचा आकडा वाचण्याआधी चित्र बघा. हलतोय तो भाग तुम्हाला तपासायचाय तोच आहे का?

किती मिलिमीटर हे सॉफ्टवेअर सांगत नाही, ते तुम्ही द्यायचं. खांबासाठी दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या मिसळल्या की गोंधळ होतो.

एक वाट खऱ्या वाकडेपणाची: लांबी भागिले १०००, म्हणजे ४ मीटरला ४ मिमी. यात वेल्डिंगचे आणि रोलिंगचे आतले ताण वेगळे मॉडेलमध्ये घालावे लागतात. ते न घालता नुसते ४ मिमी दिले तर आपल्या पाइपचा पहिला यील्ड २२३ किलोन्यूटनला येतो, कोडच्या १९२ पेक्षा जास्त. उरलेला बराचसा फरक त्या आतल्या ताणांचा आहे.

दुसरी वाट समतुल्य वाकडेपणाची. युरोपियन पोलाद कोड ईएन १९९३-१-१ त्याच्या २००५ च्या आवृत्तीत लवचीक विश्लेषणासाठी ‘अ’ वक्राला लांबी/३००, ‘ब’ला /२५०, ‘क’ला /२०० देतं. आतले ताण यात आलेले असतात. ‘ब’प्रमाणे १६ मिमी घेतले तर पहिला यील्ड १५९ ला येतो, सुरक्षित बाजूला. या १६ मिमीवर पुन्हा आतले ताण घातले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते, आणि कारखान्याला विनाकारण जाड पाइप घ्यावा लागतो. रिपोर्टमध्ये कुठली वाट घेतली ते एका ओळीत लिहा.

फ्रेम असेल तर प्रत्येक खांबाच्या पोटातल्या वाकडेपणाबरोबर सगळ्या फ्रेमचा एका बाजूला झुकावही हवा. आयएस ८०० यासाठी उभ्या फॅक्टर्ड भाराच्या ०.५ टक्के आडवं काल्पनिक बळ सांगतं. त्याचा अर्थ २०० ला १ इतका झुकाव, ६ मीटरच्या खांबाला ३० मिमी. पॅनेलच्या प्लेटला ईएन १९९३-१-५ प्रमाणे लहान बाजूच्या २०० व्या भागाइतकं पोट द्या. एकापेक्षा जास्त प्रकार एकत्र घेताना एक मुख्य धरून पूर्ण घ्या, बाकीचे ७० टक्के.

बाजू उलटी करून दुसरा रन घ्यायला विसरू नका. साध्या पिन खांबाला डावं-उजवं सारखंच, पण एका बाजूला गसेट असलेल्या खांबाला, चपट्या कमानीला आणि भांड्याला आत पोचा आणि बाहेर फुगा यांत मोठा फरक पडतो.

पत्र्याचं भांडं: इथे मिलिमीटरला किंमत आहे

तोच ६ मीटर व्यासाचा, ६ मिमी पत्र्याचा सायलो घ्या. उभ्या दाबाचा आदर्श बकलिंग ताण ०.६०५ गुणिले ई गुणिले जाडी भागिले त्रिज्या, म्हणजे २४२ न्यूटन प्रति चौरस मिमी. साध्या पोलादाचं यील्ड २५०. दोन्ही आकडे इतके जवळ बघून डिझाइनर निश्चिंत होतो. इथेच फसगत आहे.

नासाचं एसपी-८००७ हे मार्गदर्शक, १९६८ ची आवृत्ती, त्रिज्या-जाडीचं गुणोत्तर ५०० असताना ०.३२ गुणक देतं. २४२ चे राहतात ७८. ईएन १९९३-१-६ मधल्या ‘बी’ दर्जाच्या बांधणीला (‘ए’ सगळ्यात अचूक, ‘सी’ सगळ्यात ढोबळ) गुणक ०.२४, राहतात ५७. कारण डच अभियंता कॉयटरनं डेल्फ्टमध्ये १९४५ साली मांडलं होतं: अशा भांड्याचा भार शिखरावर गेल्यावर कड्यावरून पडावं तसा पडतो, त्यामुळे अगदी बारीक पोचाही शिखर खाली ओढतो. त्याच्या सूत्रानं जाडीच्या दहाव्या भागाइतकी, म्हणजे आपल्या पत्र्यात ०.६ मिमीची, गोलाकार लाट आदर्श बळ जवळजवळ ४० टक्क्यांनी कमी करते. ०.६ मिमी डोळ्यांना दिसतही नाही.

म्हणून भांड्यासाठी एकच रन कधीच पुरेसा नाही. पोच्याची खोली जाडीच्या ०.१, ०.५ आणि १ पट अशी तीन वेळा बदला आणि शिखराचा भार तीनदा वाचा. मोडच्या आकाराबरोबर एकदा वेल्डच्या गोल जोडावर सगळीकडून सारखा आत गेलेला पट्टा घ्या. खऱ्या भांड्यात वाकडेपणा तिथेच असतो, कारण वेल्ड थंड होताना आकसतो.

तेच भांडं रिकामं असताना बाहेरून दाब आला तर चित्र वेगळं. वळवाचा वारा, किंवा व्हेंट बंद असताना मळी उपसली आणि आत निर्वात झालं. ८ मीटर उंचीच्या, वर-खाली गोल धरलेल्या टाकीला आदर्श दाब सुमारे १२.३ किलोपास्कल, वातावरणाच्या आठव्या भागाइतका. वरचं तोंड मोकळं आणि रिंग नसेल तर साधारण त्याच्या ६० टक्के. पण इथे वाकडेपणाची वजावट कमी, ‘बी’ दर्जाला ०.६५. म्हणजे बाहेरच्या दाबात भांडं मुळातच अशक्त, पण त्याचा अंदाज भरवशाचा. उभ्या दाबात वरून भक्कम दिसतं, पण अंदाज डळमळीत. कुठला भार राज्य करतो हे आधी ठरवा, मग वाकडेपणावर वेळ खर्च करा.

रन मध्येच थांबतो

वरचं सगळं बरोबर असूनही थांबत असेल तर सॉल्व्हरकडे या, त्याआधी नको. बहुतेक वेळा थांबणं हेच उत्तर असतं: साधा भार-नियंत्रित रन शिखराच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण त्याहून मोठ्या भाराला जवळपास समतोलच नाही.

शिखरापलीकडे जायचं तर रिक्स किंवा आर्क-लेंग्थ. सुरुवातीची पायरी मोठी असली तर ती वळण चुकवते आणि आल्या वाटेनं परत फिरते. पहिली पायरी एकूण भाराच्या २ ते ५ टक्के ठेवा, कमाल पायरीवरही मर्यादा घाला. तरी परत फिरत असेल तर वाकडेपणा फार लहान आहे, थोडा वाढवून बघा.

रिक्सचा फॅक्टर वाचताना नेहमी होणारी चूक: आधीच्या स्टेपमध्ये लावलेला स्थिर भार फॅक्टरनं गुणला जात नाही. आधी स्वतःचं वजन ४० किलोन्यूटन, रिक्समध्ये २००, शिखराला फॅक्टर ०.८. तर एकूण ४० अधिक १६०, म्हणजे २००. २४० ला ०.८ नं गुणून १९२ लिहिणं चूक.

भांड्यात पोचा अचानक पडतो आणि रिक्सही अडतो. तिथे कृत्रिम डॅम्पिंगचा स्टॅबिलाइझ पर्याय चालतो, पण त्यानं खोटं बळ येऊ शकतं. डॅम्पिंगची ऊर्जा एकूण विकृती ऊर्जेच्या काही टक्क्यांतच हवी. त्याहून पक्की खात्री म्हणजे डॅम्पिंग दहावा भाग करून पुन्हा रन. शिखर जागेवर राहिलं तर खरं, खाली आलं तर आधीचा आकडा टाकून द्या.

माल पूर्ण सपाट, यील्डनंतर शून्य उताराचा असेल तर ई च्या दहा हजाराव्या भागाइतका उतार द्या, रन सुरळीत होतो आणि उत्तर बदलत नाही.

साइटवर मोजमाप

हे सगळ्यात कष्टाचं, आणि उभ्या स्ट्रक्चरला याशिवाय पर्याय नाही. सकाळी ऊन चढायच्या आत मोजा. एका अंगाला ऊन लागलं की ते अंग लांबतं आणि खांब दुसऱ्याच कारणानं वाकडा दिसतो.

पाइपला दोन्ही टोकांना सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे ठेवून त्यावर नायलॉनची दोरी ताणा. पाव, अर्धा आणि पाऊण लांबीवर दोरी आणि पाइपमधलं अंतर घ्या, ठोकळ्याची जाडी वजा करा. मग पाइपभोवती ९० अंशांत फिरून पुन्हा तेच. फिटर सुतात सांगेल, इंचाचे आठ सूत. सव्वा सूत म्हणजे आपले ४ मिमी. कागदावर मात्र मिमी लिहा.

भांड्याला सरळ पट्टी लागते, आणि तिची लांबी मनाची नाही. त्रिज्या आणि जाडीच्या गुणाकाराच्या वर्गमुळाच्या चौपट, आपल्या सायलोला ५३७ मिमी. पट्टी पत्र्यावर उभी टेकवा. दोन्ही टोकं टेकलेली आणि मध्ये फट, तर ती पोच्याची खोली. फिलर गेज किंवा ड्रिलचा मागचा दांडा आत सरकवून मोजा. ‘बी’ दर्जाला लांबीच्या एक टक्का चालतं, म्हणजे ५.४ मिमी. ‘ए’ला ०.६ टक्का, ३.२ मिमी. ‘सी’ला १.६ टक्के, ८.६ मिमी. गोल वेल्डवर आखूड पट्टी वापरा, जाडीच्या २५ पट, इथे १५० मिमी. हा गुणक ०.२४ ज्या ५.४ मिमीवर उभा आहे, तोच आकडा पट्टीखाली सापडतो. पट्टीखाली ८ मिमी जाताहेत आणि मॉडेलमध्ये ५.४ चा गुणक, असं चालत नाही.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

मॉडेलच्या बाबतीत: पोच्याची खोली किंवा आकार थोडा बदलल्यावर शिखर १०-१५ टक्क्यांहून जास्त हलत असेल, त्रिज्या-जाडीचं गुणोत्तर १००० च्या पुढे असेल, भांड्याला मोठी दारं-खिडक्या कापलेल्या असतील, किंवा मोजलेला वाकडेपणा ‘सी’ दर्जाबाहेर असेल, तर शेलच्या बकलिंगचा अनुभव असलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडेच जा. गळीत हंगाम तोंडावर आहे म्हणून सोपा गुणक लावून सही करू नका.

उभ्या स्ट्रक्चरच्या बाबतीत मॉडेल बाजूला ठेवा. तळाशी चहूबाजूंनी फुगवटा दिसला, हत्तीच्या पायासारखा, आडव्या पट्ट्यांत रंग तडकला, ठोकल्यासारखा आवाज येऊन नवा पोचा पडला, किंवा खांबाचं पोट आठवड्यागणिक वाढतंय, तर माणसं लांब करा आणि भरणं थांबवा. टाकी रिकामी करण्याआधी व्हेंट उघडे आहेत याची खात्री करा, नाहीतर उपसतानाच निर्वातानं ती आत ओढली जाईल. दाब अंगावर असताना पोचा हातोड्यानं बाहेर काढू नका आणि त्यावर पट्टी वेल्ड करू नका. वेल्डच्या उष्णतेनं पत्रा क्षणभर मऊ पडतो, तेवढं पुरतं. बॉयलरशी जोडलेला भाग असेल तर बॉयलर निरीक्षकाला कळवल्याशिवाय हात लावू नका.

जाणकाराला बोलावताना हातात द्यायच्या वस्तू: दोन्ही रनच्या इनपुट फाइल, पहिल्या दहा मोडची चित्रं, तीन वाकडेपणांचे भार-विस्थापन आलेख एकाच कागदावर, हातानं काढलेला ऑयलर किंवा आदर्श ताणाचा आकडा, आणि पट्टीनं घेतलेल्या मापांचा तक्ता, प्रत्येक मापापुढे उंची, दिशा आणि वेळ लिहून.